थ्रिलरची पहिली दोन मिनिटं: वाफ आधी प्रेक्षकाला दिसू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्हा चौघांना दोन मिनिटांचं थ्रिलर ओपनिंग करायचं आहे. हाताशी एक फोन, एक ट्रायपॉड आणि शूटसाठी दोन दिवस. पटकथेत जंगलातला पाठलाग आहे, हूडी घातलेला माणूस आहे, चाकू आहे, खुर्चीला बांधलेली मुलगी आहे आणि एक फ्लॅशबॅकही आहे. शॉट लिस्ट साठ शॉट्सची झाली आहे. एकदा ट्रायल शूट करून जोडलं तर ते चार मिनिटांचं झालं आणि बघणाऱ्या कुणालाच भीती वाटली नाही. आता शूटमध्ये काय बदलायचं आणि एडिटमध्ये काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी संकलक आहे. गेली बरीच वर्षं स्वतःच्या कामाबरोबर विद्यार्थ्यांच्या फिल्म त्यांच्या शेजारी बसून कापत आलो आहे, त्यामुळे ही अडचण मला चांगली ओळखीची आहे. तुमच्याकडे भीतीची सामग्री भरपूर आहे. गडबड माहितीची आहे, ती एकाच वेळी सगळीकडून येते. पाठलाग सुरू झाला की कोण कुणाच्या मागे, चाकू दिसला की कुणासाठी, मुलगी बांधलेली दिसली की ही तीच का, फ्लॅशबॅक आला की हे आधीचं की नंतरचं. प्रेक्षक एका प्रश्नात रुतण्याआधी दुसरा येऊन त्याला उचलतो. दोन मिनिटांत एकच प्रश्न मावतो. तो ठरवा, आणि तो प्रश्न प्रेक्षकाला पात्राच्या आधी पडेल की नंतर हे ठरवा. बाकीचे निर्णय, कॅमेरा कुठे, लाइट कुठून, कट कधी, हे सगळे तिथूनच निघतात.

थ्रिलरसाठी गाजलेले दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी 1962 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या दीर्घ संभाषणात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोघं गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला 15 सेकंदांचा धक्का बसतो. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला आणि गप्पा आहेत तशाच चालू ठेवल्या, तर 15 मिनिटं जीव टांगणीला लागतो. तुमच्याकडे 15 मिनिटं नाहीत, पण दोन मिनिटांतही हे करता येतं.

पाठलाग आणि जंगल बाजूला ठेवा. रात्रीचं जंगल फोनवर शूट करणं, त्यात धावणाऱ्या माणसांना लाइट देणं आणि पावलांचा आवाज स्वच्छ मिळवणं हे मोठ्या युनिटलाही जड जातं. त्याऐवजी एक घर घ्या. मी एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जातो, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर बोलणं सोपं होईल. एक मुलगी रात्री घरी येते. ती एकटी राहते. दार उघडते, बूट काढते, फोनवर कुणाला तरी सांगते, "हो, पोचले. नाही गं, एकटीच आहे." आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक कप आहे, त्यातून वाफ येते आहे. बस. ना माणूस, ना चाकू, ना रक्त. ही वाफ प्रेक्षकाला तिच्या आधी दिसली पाहिजे. त्यानंतर ती पिशवी ठेवू दे, केस बांधू दे, पाठ करून उभी राहू दे, प्रत्येक साधी हालचाल ताणाची होते. शेवटी तिचं बोट कपाला लागतं, चटका बसतो, आणि काळोख. फिल्मचं नाव.

तुम्ही हीच गोष्ट करा असं नाही. पण तुमच्या गोष्टीतली 'वाफ' कोणती, हे चौघांनी मिळून एका वाक्यात लिहा. वाक्यात "आणि मग" आलं की गोष्ट अजून लांब आहे.

आता शॉट्सचा हिशेब. 120 सेकंदांत 60 शॉट्स म्हणजे शॉटला दोन सेकंद. त्यात प्रेक्षकाची नजर फ्रेममध्ये फिरायलाही वेळ मिळत नाही. शिवाय नवख्या टीमला एका शॉटची मांडणी, लाइट, रिहर्सल आणि तीनचार टेक यांना साधारण 25 मिनिटं लागतात. 20 शॉट्स धरले तरी आठ तासांच्या वर काम झालं. तुमच्या दोन दिवसांत 20 ते 24 शॉट्स नीट होतील, 60 फक्त उरकले जातील. शॉट लिस्ट लिहिताना प्रत्येक शॉटसमोर लिहा की या शॉटमुळे प्रेक्षकाला नवीन काय कळतं. जिथे काही लिहिता येत नाही तो शॉट काढा. स्टोरीबोर्डसाठी चित्रकला यायला हवी असं नाही. चौघांपैकी एकाला उभं करून त्या जागेत फोनवर फोटो काढा आणि ते क्रमाने लावून बघा. गोष्ट फोटोंमध्येच अडखळत असेल तर ती शूटमध्ये सुधारणार नाही.

फोनच्या सेटिंग्जवर फार वेळ घालवू नका, पण चार गोष्टी हाताने पक्क्या करा. जिथे विजेची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ आहे तिथे सेकंदाला 25 फ्रेम्स आणि 1/50 सेकंदाचं शटर ठेवा, नाहीतर दिवे चित्रात लुकलुकतात. 60 हर्ट्झ असेल तर 24 किंवा 30 फ्रेम्स आणि 1/60. एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ येईल ते, आणि फोकस लॉक करा. ऑटोवर राहिलं तर काळोख्या दारातून मुलगी आत आली की फोन अख्खी खोली उजळवून टाकतो आणि तुमचा अंधार गेला. व्हाइट बॅलन्सही, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचं सेटिंग, लॉक करा. डिजिटल झूम वापरू नका, फोन उचला आणि जवळ जा. फोनमधलं साधं कॅमेरा ॲप हे करू देत नसेल तर मॅन्युअल कंट्रोल देणारं दुसरं ॲप घ्या.

अंधार दाखवायला उजेड लागतो. थ्रिलर म्हणून सगळे दिवे घालवून शूट करणं ही मी सगळ्यात जास्त पाहिलेली चूक आहे. लाइट कमी पडला की फोन आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवतो, चित्रात मुंग्या वळवळायला लागतात आणि काळा रंग करडा होतो. त्याऐवजी एकाच बाजूने चांगला लाइट द्या आणि बाकीच्या बाजू अडवा. खोलीतला टेबललॅम्प किंवा उघड्या दारातून येणारा पॅसेजचा दिवा पुरतो. चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला फ्रेमच्या बाहेर काळी चादर धरली तर भिंतीवरून परतणारा उजेड बंद होतो आणि अर्धा चेहरा खरोखर बुडतो. पांढरा थर्माकोल लाइट वाढवायला धरतात हे सगळ्यांना माहीत असतं, काळं कापड लाइट कमी करायला धरायचं हे फार कमी जणांना सुचतं. शूट करताना चित्र हवं त्यापेक्षा किंचित उजळ ठेवा, फक्त दिवा किंवा खिडकी पांढरीफटक होऊन फुटणार नाही एवढं बघा. उजळ चित्र एडिटमध्ये काळवंडता येतं. काळ्यात न आलेला तपशील मात्र परत आणता येत नाही.

वाफेचं तर खास आहे. समोरून लाइट दिला की वाफ दिसतच नाही. तिला मागून, किंचित बाजूने लाइट लागतो आणि मागची पार्श्वभूमी काळी लागते. म्हणून कप भिंतीपासून शक्य तितका दूर ठेवा, दिवा कपाच्या मागे एका बाजूला फ्रेमबाहेर ठेवा आणि पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरून त्याचा उजेड मागच्या भिंतीवर पडणार नाही असं करा. पंखा बंद, खिडकी बंद. पाणी उकळतं हवं, आणि कप आधी गरम पाण्याने धुऊन तापवा, नाहीतर थंड कप पाण्याची उष्णता खाऊन टाकतो. तरीही भरपूर वाफ थोडाच वेळ टिकते, त्यामुळे फोकस, लाइट, मुलीची चाल सगळं गार पाण्यावर ठरवून घ्या, आणि मगच किटली आणा. वाफ फार लवकर मरत असेल तर ओला कापूस मायक्रोवेव्हमध्ये तापवून कपाच्या मागे लपवतात, खाद्यपदार्थांचे फोटो काढणारे ही युक्ती नेहमी वापरतात. मात्र शेवटच्या शॉटमध्ये, जिथे बोट कपाला लागतं, तिथे कपात कोमट पाणी ठेवा आणि वाफ कापसाची घ्या. चटका अभिनयाचा असला पाहिजे, खरा नाही.

या वाफेचा मुख्य शॉट असा घ्या: कॅमेरा टेबलाच्या उंचीवर, कप अगदी पुढे, डावीकडे, फोकसमध्ये. मागे खोलवर दार उघडतं, मुलीची आकृती धूसर, ती बूट काढते, फोनवर बोलते. कट नाही. आठ सेकंद, दहा सेकंद. प्रेक्षकाला कप बघायला कुणी सांगत नाही, तो स्वतः शोधतो आणि "एकटीच आहे" हे वाक्य कानावर पडतं तेव्हा त्याच्या डोक्यात गणित सुटतं. हाच शॉट दोन तुकड्यांत, आधी मुलगी आणि मग कपाचा क्लोजअप असा घेतला तर तो फक्त माहिती देतो. एका फ्रेममध्ये घेतला की प्रेक्षक तिला हाक मारायला लागतो. फोनचं वाइड लेन्स जवळपास सगळंच फोकसमध्ये ठेवतं, म्हणून फोनमध्ये टेली लेन्स, म्हणजे लांबचं जवळ दाखवणारी, असेल तर ती लावा आणि मागे सरका. नसेल तर मुलीला मागे अंधारात ठेवा, धूसरपणाचं काम अंधार करेल.

दिशेकडे लक्ष ठेवा. सेटवर ज्याला इमॅजिनरी लाइन म्हणतात, म्हणजे पात्राच्या दिशेची मनातली रेघ जी कॅमेऱ्याने ओलांडायची नसते, ती इथेही लागू आहे. मुलगी हॉलमध्ये डावीकडून उजवीकडे चालली तर स्वयंपाकघरात ती डावीकडूनच आली पाहिजे, नाहीतर ती परत फिरली असं वाटतं. एकाच माणसाचे लागोपाठ दोन शॉट घेताना कॅमेरा किमान 30 अंश हलवा किंवा चौकटीचा आकार ठळकपणे बदला. थोडासाच बदल केला तर कटवर चित्र उडी मारतं.

प्रत्येक शॉटमध्ये कृती पूर्ण करा. कपाला बोट लागण्याचा वाइड घेताना हात उचलण्यापासून मागे घेण्यापर्यंत सगळं, आणि क्लोजअपमध्येही तेच सगळं. तोच हात, तेच बोट. कट हालचालीच्या मध्यावर मारायचा असतो आणि तो मध्य दोन्हीकडे असेल तरच मारता येतो. ॲक्शन म्हणण्याआधी पाच सेकंद आणि कृती संपल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू राहू द्या. घाईने "कट" ओरडणारा दिग्दर्शक एडिट टेबलावर फार पस्तावतो, कारण कृती संपल्यानंतर नटाच्या चेहऱ्यावर जे क्षणभर राहतं तेच बऱ्याचदा सगळ्यात खरं असतं. कंटिन्युइटीसाठी प्रत्येक ओके टेकनंतर फ्रेमचा फोटो काढून ठेवा: केस कुठल्या खांद्यावर, पिशवी कुठल्या हातात, कपाचा कान कुठल्या दिशेला.

मुलीला "घाबर" असं सांगू नका. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांचा 1920 च्या आसपासचा प्रयोग इथे कामाला येतो. नटाचा एकच भावहीन चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला, सूपची वाटी, शवपेटी, आणि प्रत्येक वेळी प्रेक्षकांना त्या चेहऱ्यावर वेगळी भावना दिसली. तुमच्याकडे वाफेचा शॉट आहे, त्याच्या शेजारी साधा विचार करणारा चेहरा ठेवलात तरी पुरे. म्हणून तिला काम द्या. "सकाळी निघताना टेबलावर काय काय ठेवलं होतंस ते एकेक करून आठव." हे आठवताना डोळे जसे हलतील तसे मोठे डोळे करून हलणार नाहीत.

चाकू किंवा पिस्तूल ठेवायचंच ठरवलं, तर ते नकली आणि बोथट हवं, शॉट नसताना झाकून ठेवलेलं हवं, आणि घराबाहेर शूट असेल तर परवानगी घेऊन, आसपासच्या लोकांना आधी सांगून. लांबून बघणाऱ्याला कॅमेरा दिसत नाही, हत्यार दिसतं.

आता ध्वनी. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण विद्यार्थ्यांचं थ्रिलर बहुतेक वेळा इथेच पडतं. सुरुवातीच्या दिवसांत मी एका छोट्या फिल्मचा स्वयंपाकघरातला प्रसंग कापत होतो. चित्र सुरेख होतं. पण फ्रिज चालूच राहिला होता आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच सुरू होतो, मधूनच बंद होतो. एका टेकमध्ये घरघर आहे, पुढच्यात नाही. प्रत्येक कटवर आवाज उडी मारायचा. दोन दिवस मी ती घरघर लपवत बसलो आणि नटीचे सगळ्यात चांगले दोन टेक शेवटी सोडून द्यावे लागले. तेव्हापासून शूटवर पहिलं काम फ्रिज बंद करणं. आणि घराची किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे जाताना तो पुन्हा चालू करायला कुणी विसरू शकत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची ही जुनी खबरदारी आहे.

फोनवरचा माइक कॅमेऱ्याजवळ असतो, माणसाजवळ नाही. चौघांपैकी दुसऱ्या कुणाचा तरी फोन रेकॉर्डर म्हणून वापरा. मुलीच्या कपड्यात आत लपवा किंवा फ्रेमच्या अगदी कडेला, तोंडापासून 30 ते 50 सेंटिमीटरवर ठेवा. दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी, चित्रात हात मिटताना दिसला पाहिजे. एडिटमध्ये त्या टाळीवरून दोन्ही ट्रॅक जुळतात. रेकॉर्डरच्या मीटरवर बोलण्याचा सगळ्यात मोठा आवाज साधारण उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या, उणे 6 च्या वर जाऊ देऊ नका. आवाज फाटला की तो दुरुस्त होत नाही. प्रत्येक जागेत सगळ्यांनी गप्प उभं राहून किमान 30 सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्या. हा रूम टोन नसेल तर संवादांच्या मधल्या फटी मेल्यासारख्या वाटतात.

शूट संपल्यावर अर्धा तास फक्त आवाजांसाठी ठेवा. कुलपात किल्ली, दाराची कडी, बूट, पिशवीची चेन, टेबलावर कप. माइक जवळ धरून, एकेक आवाज तीन वेळा. आणि शेवटी फ्रिज चालू करून त्याची घरघर मिनिटभर वेगळी घ्या. ती का, ते आता एडिटमध्ये सांगतो.

एडिटला बसण्याआधी फुटेज दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, मगच फोन रिकामा करा. फोन बऱ्याचदा बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतो, त्यामुळे टाळी जुळवूनही क्लिपच्या शेवटी ओठ आणि आवाज वेगळे व्हायला लागतात. असं दिसलं तर हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून क्लिप्स स्थिर फ्रेम रेटवर बदलून घ्या. हे एडिट सुरू करण्याआधी करा, मध्येच केलं तर पुन्हा सगळं जुळवावं लागेल. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तुमच्या कामाला पुरून उरते.

मग सगळं फुटेज एकदा पूर्ण बघा, खराब टेकसुद्धा. हातात वही ठेवा. जिथे तुम्हाला स्वतःला काही वाटलं, तिथला वेळ लिहा, कारण लिहू नका. पहिल्यांदा बघतानाची ही भावना पुन्हा मिळत नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हाला सगळं पाठ झालेलं असेल आणि तेव्हा ही वहीच खरं सांगेल.

पहिला कट संगीताशिवाय करा. मी यावर अडून बसतो. खाली गंभीर सूर टाकला की काहीही ताणाचं वाटतं आणि शॉट लांबले आहेत हे कळत नाही. मुका कट ताण धरत असेल तर संगीत त्याला वर नेईल. मुक्या कटमध्ये ताण नसेल तर संगीत फक्त ती उणीव झाकेल.

चार मिनिटांचं दोन मिनिटं कसं करायचं? आधी चालणं काढा. दारातून आत येणं, हॉल ओलांडणं, वळणं, पोचणं, यातलं फक्त निघणं आणि पोचणं ठेवा. मग प्रत्येक शॉटचं पहिलं आणि शेवटचं अर्धं सेकंद काढून बघा. मग असा प्रत्येक शॉट काढून बघा, जो काढल्यावरही गोष्ट कळते. पण कापण्याच्या भरात वाफेच्या शॉटला हात लावू नका. बाकी सगळं आखडतं झालं की तो एक लांब शॉट जास्त लांब आणि जास्त असह्य वाटतो. हा वेगांमधला फरक म्हणजेच लय. सगळे शॉट सारख्या लांबीचे असले की लय उरत नाही, मग ते झपाट्याचे असोत की संथ.

कट कुठे मारायचा याबद्दल संकलक वॉल्टर मर्च यांनी अग्रक्रमाची एक यादी दिली आहे, आणि त्यात भावनेला त्यांनी 51 टक्के वजन दिलं आहे, म्हणजे कथा, लय, नजरेची दिशा, जागेचं भान या बाकी सगळ्यांना मिळून जेवढं, त्याहून जास्त. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: बोट कपाला लागण्याच्या दोन टेकांपैकी एकात केस चुकीच्या खांद्यावर आहेत पण डोळे खरे आहेत, तर तोच टेक घ्या. केस फार थोड्यांना दिसतील, डोळे सगळ्यांना दिसतील.

नजरेवरचे कट थ्रिलरचा कणा असतात. ती काहीतरी बघते, आणि मग आपण बघतो. सवय अशी असते की तिने मान वळवली की लगेच तिला दिसलेली वस्तू दाखवायची. थांबा. तिच्या चेहऱ्यावर आणखी 12 फ्रेम राहा, मग 25 फ्रेम राहून बघा. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की आता दाखवाच, आणि त्यानंतर क्षणभराने दाखवा. हा क्षण किती, हे कुठल्याही पुस्तकात नाही. तीन लांबींचे तीन कट करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

आवाज चित्राच्या आधी येऊ द्या. पडदा काळा आहे आणि कुलपात किल्ली फिरते, मग दार दिसतं. हा जे कट. मुलगी फोनवर बोलते आहे आणि तिचं शेवटचं वाक्य वाफेच्या क्लोजअपवर संपतं. हा एल कट. आवाज आणि चित्र दरवेळी एकाच फ्रेमवर कापले तर फिल्म फोटोंच्या मालिकेसारखी तुटक वाटते.

आणि आता फ्रिज. वेगळी घेतलेली घरघर पहिल्या शॉटपासून अख्ख्या प्रसंगाखाली हळू आवाजात पसरा, इतकी की अर्ध्या मिनिटात ती कुणाला ऐकूच येणार नाही. मुलगी टेबलाकडे पाठ करून उभी आहे. त्या क्षणी घरघर बंद करा. नुसता रूम टोन ठेवा. प्रेक्षकाला काय बदललं ते सांगता येत नाही, पण तो श्वास धरतो. शूटवर जो आवाज शत्रू होता तो टाइमलाइनवर तुमच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार होतो, कारण तो कधी थांबेल हे आता तुम्ही ठरवता. बोटाला चटका बसताना मोठा "धाड" आवाज टाकायचा मोह होईल. एकदा टाकून बघा, मग काढून बघा. तिथे फक्त तिचा आत ओढलेला श्वास आणि कपाचा बशीवर झालेला किणकिणाट ठेवला तर अंगावर जास्त येतं असा माझा अनुभव आहे.

संगीत यानंतर, आणि कमी. एक खालचा लांब सूर पुरतो. दुसऱ्याचं संगीत घ्यायचं असेल तर परवाना वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' असा प्रकार असतो, आणि संगीत चित्राला जोडणं हे त्या परवान्यांनुसार नवं रूपांतर मानलं जातं, त्यामुळे ते संगीत मोफत असूनही तुमच्या फिल्मला चालत नाही. श्रेय देण्याची अट असेल तर संगीतकाराचं नाव जसं दिलं असेल तसंच लिहा.

श्रेयनामावलीची जागा शूटच्या वेळीच ठेवायची असते. दारातली काळी आकृती (सिल्हूट), रिकामा हॉल अशा शॉट्समध्ये एका बाजूला मोकळा अंधार सोडा, नाव तिथे बसेल. वाफेच्या शॉटवर एकही नाव नको, डोळा एका वेळी एकच वाचतो. साधारण रूढ क्रम असा: निर्मिती संस्था, मुख्य कलाकार, फिल्मचं नाव, इतर कलाकार, मग तंत्रज्ञ, निर्माता, लेखक, आणि सर्वांत शेवटी दिग्दर्शक. तुमच्या ओपनिंगचा शेवटच काळ्या पडद्यावरच्या नावाने होत असेल तर नाव तिथे न्या, तो हक्क तुम्हाला आहे. देवनागरी अक्षरं टाकत असाल तर प्रत्येक नाव मोठं करून तपासा. काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागते, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. अक्षरं कडेपासून दहा टक्के आत ठेवा.

रंगांचं काम दोन पायऱ्यांत करा. आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, म्हणजे एकात भिंत पिवळी आणि पुढच्यात हिरवी असं होणार नाही. मग वातावरण. निळसर छटा द्यायची तर सावल्यांत द्या, चेहऱ्याचा रंग जिवंत राहू द्या. काळा पूर्ण काळा करू नका. अंधाऱ्या चित्रात एक्स्पोर्ट करताना सावल्यांचे पट्टे पडतात, त्यावर अगदी हलका ग्रेन, म्हणजे बारीक रवाळपणा, टाकला तर ते मोडतात.

फिल्म लॉक करण्याआधी अशा तिघांना दाखवा ज्यांनी पटकथा वाचलेली नाही. "कशी वाटली?" असं विचारू नका, लोक चांगलीच म्हणतात. विचारा, "कप तुला केव्हा दिसला?" आणि "आता घरात कोण आहे असं तुला वाटतं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर "तिने हात लावला तेव्हा" असं आलं तर वाफ अजून पुरेशी दिसत नाही, तिच्यामागचा उजेड कमी पडला आहे किंवा शॉट लवकर कापला आहे. तेवढा एक शॉट पुन्हा घ्या. दुसऱ्या प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली तर ओपनिंग काम करतं आहे.

एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ साठवायची पद्धत एच.264, चित्राचा आकार 1080पी आणि डेटाचा वेग 15 ते 20 एमबीपीएस ठेवा. आणि शेवटची तपासणी लॅपटॉपवर नको. ज्या खोलीत, ज्या प्रोजेक्टरवर फिल्म दाखवली जाणार आहे तिथे एक दिवस आधी जा आणि पडदे ओढून, दिवे जसे असतील तसे ठेवून बघा. प्रोजेक्टरवर तुमचा अंधार पातळ होतो, गडद करडे तपशील नाहीसे होतात. वाफ तिथे, शेवटच्या रांगेतून दिसली पाहिजे. दिसत नसेल तर परत येऊन फक्त त्या एका शॉटच्या मधल्या छटा थोड्या वर घ्या आणि फाइल नव्याने काढा.